माप आतलं की बाहेरचं?

बायकोनं पोळ्यांसाठी कणीक भिजवून ठेवली होती. त्यातली ५० ग्रॅम मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून काढून घेतली, तेव्हा ती काही बोलली नाही. पण त्या गोळ्याचे चार तुकडे करून, प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून, ते मी स्पीकरच्या कोनावर, म्हणजे हलणाऱ्या पडद्यावर, मधल्या टोपीच्या चारी बाजूंना चिकटवायला लागलो, तेव्हा मात्र ती दारात येऊन उभी राहिली. "हे परत परातीत येणार नाहीये ना?" एवढंच विचारलं आणि गेली.

बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "पखवाजाला लावतात तशी लावतोयस?"

मी थबकलो. कारण मी अगदी तेच करत होतो, फक्त मला ते तोवर सुचलं नव्हतं.

माझे आजोबा पखवाज वाजवायचे. कुठे बैठकीबिठकीत नाही. रामबागेतल्या घरी, एकादशीच्या भजनाला. पण इंदुरात पखवाज वाजवणाऱ्या मराठी माणसाला थोडा माज चालतो. होळकरांच्या दरबारात नाना पानसे होते, पखवाजाचं एक घराणंच त्यांच्या नावानं चालतं. त्यामुळे आजोबाही भजनाच्या आधी बराच वेळ नुसती जुळवाजुळव करत बसायचे आणि त्यांना कोणी काही म्हणायचं नाही. त्या जुळवाजुळवीत आजीकडून ओली कणीक मागवायची, डाव्या अंगाच्या कातड्याच्या मधोमध थापायची, थाप मारून बघायची, चिमूटभर काढायची, पुन्हा थाप मारायची. कणीक वाढवली की आवाज खाली उतरतो, काढली की चढतो. वाजवून झालं की खरवडून टाकायची, नाहीतर वाळून कातड्याला तडे जातात. बाबांचं बालपण हे बघण्यात गेलं. मी आजोबांना पाहिलं ते थकलेले. पण खुंटीला टांगलेला तो पखवाज आणि त्याच्या डाव्या तोंडावरचा पांढुरका डाग मला आठवतो.

वजन वाढलं की कंप मंदावतो. स्पीकरचंही तेच. फरक इतकाच, की आजोबांना सूर खाली आणायचा होता आणि मला तो किती खाली येतो हे मोजायचं होतं.

मोजायची वेळ का आली, तर मी तो दहा इंची सबवूफर, म्हणजे खालच्या सुरांचा स्पीकर, गाडीसाठी महाराणी रोडवरून जुना उचलला होता. डब्यावर ठळक अक्षरांत '१२०० वॅट' छापलेलं. कागद एकही नाही. दुकानदाराला मी विचारलं, इसका एफएस कितना है? म्हणजे स्पीकरचा स्वतःचा सूर. तो म्हणाला, "भिया, बजा के देख लो, दीवार हिल जाएगी." ज्याला भिंत हलवायची नाही, डिकीतलं खोकं ठरवायचं आहे, त्याला या उत्तराचा उपयोग नसतो. व्हॉइस कॉइलचा, म्हणजे कोनाला हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा, घेर पाहून त्या १२०० वॅटवरचा माझा विश्वास तिथेच उडाला होता. अडीचशेच्या वर मी त्याला कधी नेणार नव्हतो. पण कोन चांगला होता, सराउंडचं, म्हणजे कोनाच्या कडेच्या कड्याचं, रबर मऊ होतं, कुठे खरखर नव्हती. घेतला.

स्पीकरला खोकं का लागतं, हा प्रश्न मला माझ्या भाच्यानंच विचारला होता. नागडा वूफर हातात धरून वाजवला तर बेस जवळजवळ येतच नाही, हे त्याला एकदा करून दाखवलं. कोन पुढे गेला की पुढची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. मोठ्या तरंगांना कोनाला वळसा घालून मागे जायला काहीच अडचण नसते. पुढचा दाब मागच्या पोकळीत शिरतो आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. खोक्याचं पहिलं काम या दोघांना भेटू न देणं. इथवर बहुतेकांना माहीत असतं. दुसरं काम लोक विसरतात. खोक्यात कोंडलेली हवा ही स्प्रिंग असते. सायकलचा पंप तोंडावर अंगठा धरून दाबा, कळतं. कोनाला आधीच एक स्प्रिंग आहे, त्याचा सराउंड आणि मागची कापडी चकती, स्पायडर. खोकं बंद केलं की तिच्याबरोबर दुसरी येते. खोकं लहान, तर हवेची स्प्रिंग ताठ. मोठं, तर ढिली. म्हणजे सुतार जे करतो ते डब्याचं काम नाही, वाद्याचा अर्धा भाग तो बनवतो.

पूर्वी हे अंदाजानंच चालायचं. मोठ्ठी कपाटं, कान लावून बघणं, भोकं पाडणं, बुजवणं. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर नावाच्या माणसानं उलटा विचार केला: कोनाची स्वतःची स्प्रिंग मुद्दाम ढिली ठेवायची आणि लहानशा बंद खोक्यातल्या हवेलाच मुख्य स्प्रिंग करायचं. पुस्तकांच्या कपाटावर मावेल एवढ्या खोक्यातून बेस यायला लागला. भोकाच्या, म्हणजे पोर्टच्या खोक्यांचं गणित मात्र ऑस्ट्रेलियात बसलं. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ते मांडलं, पण तिथल्या नियतकालिकात ते पडून राहिलं. १९७१ मध्ये अमेरिकेत पुन्हा छापलं गेलं तेव्हा जगाचं लक्ष गेलं. मागोमाग सिडनीच्या रिचर्ड स्मॉल यांनी ते पूर्ण केलं. आज प्रत्येक बऱ्या सबवूफरच्या कागदावर जे आकडे असतात त्यांना या दोघांच्या नावानं थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. माझ्याकडे कागद नव्हता, म्हणून कणीक.

पद्धत सोपी आहे, कंटाळवाणी आहे आणि मला फार आवडते. अँप्लिफायर इन्व्हर्टरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडला. मोबाइलवर एक टोन काढणारं अॅप. अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये पाच वॅटचा २२० ओहमचा रेझिस्टर, आणि स्पीकरच्या दोन टोकांना मल्टिमीटर. वूफर हवेत मोकळा. मग टोन एकेक हर्ट्झनं (सेकंदाला एक कंप) वर न्यायचा आणि मल्टिमीटरचा आकडा वहीत लिहायचा. २६, २७, २८... आकडा चढत जातो, आणि एका ठिकाणी शिखर गाठून पुन्हा उतरायला लागतो. माझ्या वूफरचं शिखर ३२ हर्ट्झला आलं. तोच त्याचा स्वतःचा सूर, एफएस. शिखर किती उंच आणि किती रुंद, यावरून क्यूटीएस निघतो, म्हणजे कोन एकदा हलला की किती लवकर सावरतो याचा हिशेब. तो आला ०.४५.

आता कणीक. ५० ग्रॅम लावून पुन्हा तेच. शिखर ३२ वरून २६ ला उतरलं. एवढ्या दोन आकड्यांवरून हलणाऱ्या भागाचं वजन काढता येतं: ३२ भागिले २६, त्याचा वर्ग, त्यातून एक वजा, आणि जे उरेल त्यानं ५० ला भागायचं. ९७ ग्रॅम. कोन, कॉइल आणि कोनाबरोबर हलणारी थोडी हवा धरून. त्यावरून स्प्रिंग किती ढिली ते, आणि त्यावरून शेवटचा आकडा, व्हीएएस. माझा ४० लिटर आला. या आकड्याबद्दल गैरसमज फार. 'व्हीएएस ४० म्हणजे खोकं ४० लिटरचं करायचं' असं सांगणारे भेटतात. तसं नाही. ४० लिटर कोंडलेली हवा जेवढी ताठ असते तेवढा या वूफरचा सराउंड-स्पायडर ताठ आहे, एवढाच त्याचा अर्थ.

बाबांना मी ३२ आणि २६ सांगितले. ते म्हणाले, "अण्णांना मीटर लागला नाही." अण्णा म्हणजे आजोबा.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मी रोज रात्री जेवण झालं की लॅपटॉप उघडून बसायचो. विन-आयएसडी नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात आपले आकडे भरायचे, खोक्याचं आकारमान आणि पोर्टचा सूर सरकवत बसायचं, आणि कोणत्या सुराला आवाज किती हे दाखवणारी आलेखाची रेघ कशी वाकते ते बघायचं. व्यसन आहे हे. बंद खोकं घेतलं तर रेघ हळूहळू, सभ्यपणे उतरते. पोर्टचं घेतलं तर ती आणखी खालपर्यंत सपाट धावते आणि मग कड्यावरून उडी मारल्यासारखी पडते. पोर्ट म्हणजे काय, तर माठाच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जो घूं आवाज येतो, ते. माठातली हवा स्प्रिंग, गळ्यातली हवा वजन. पाइप लांब केला तर वजन वाढलं, सूर उतरला. त्या सुराच्या आसपास कोन जवळजवळ स्थिर राहतो आणि आवाजाचं काम पाइपातली हवा करते.

भाचा शेजारी बसून मला पोर्टकडे ढकलत होता. "मामा, बंद खोकं म्हणजे म्हाताऱ्यांचं." त्याच्या डोक्यात ती लांब सपाट रेघ भरली होती, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. ठरलं: ४२ लिटर, सूर ३६ हर्ट्झ. पाइप किती? तीन इंचीचा घेतला तर १९ सेंटिमीटर पुरत होता, चार इंचीचा घेतला तर ३६. लहान पाइप स्वस्त, मावायला सोपा. पण लहान तोंडातून तेवढीच हवा जायची तर तिचा वेग वाढतो. सेकंदाला साधारण १७ मीटरच्या पुढे गेला की पाइप फसफसायला लागतो, जणू आत कोणी सर्दी झालेला बसलाय. तीन इंचीत वेग जवळजवळ पावणेदोनपट. म्हणून चार इंची, आतून १० सेंटिमीटर, ड्रेनेजचा साधा पीव्हीसी.

डिकीत टेप घेऊन माप काढलं. मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ७० सेंटिमीटर रुंद, ३० उंच, २० खोल. सत्तर तीस वीस. गुणाकार बेचाळीस हजार. बेचाळीस लिटर! आकडे असे जुळले की मला वाटलं, देवानंच डिकी मोजून दिलीय. असं वाटायला लागलं की माणसानं थांबून पाणी प्यावं. मी थांबलो नाही, सुताराला फोन लावला.

आमचा सुतार पाटणीपुऱ्याचा, बोलायला कमी. अठरा मिलिमीटरचा प्लाय घ्या म्हणालो (एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, आवाजाला चांगलाच, पण आमच्या पावसात डिकीत एकदा पाणी झिरपलं की पोहे भिजावेत तसा फुगतो). मापं सांगितली. पलीकडे क्षणभर शांतता. मग त्यानं विचारलं, "भिया, नाप अंदर का, कि बाहर का?"

मी म्हणालो, "बाहर का. डिकी में बैठना चाहिए ना."

आता हे लिहिताना मला तो प्रश्न कसा ऐकू येतो ते कसं सांगू! त्यानं सगळं शास्त्र एका वाक्यात माझ्यापुढे ठेवलं होतं. मी मात्र त्याला काय कळणार म्हणून घाईनं फोन ठेवला.

खोकं देखणं झालं. कोपरे काटकोनात, सांध्यांना फेव्हिकॉल भरपूर, आतून सिलिकॉन ओढलेलं. राखाडी कार्पेट मी स्वतः चिकटवलं. वूफर बसवला, गाडीत ठेवलं, तारा जोडल्या, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज टाकला आणि एक नेहमीचं नाचाचं गाणं लावलं. भाचा ओरडला, "मामा, जबरदस्त!" डिकीचं झाकण थरथरलं, मागची नंबर प्लेट खुळखुळली, समोरच्या घरातलं कुत्रं उठून गेलं.

मला पहिल्या मिनिटाला आनंद झाला. दुसऱ्या मिनिटाला शंका आली. गाणं बदललं तरी बेस बदलेना. चार वेगवेगळी गाणी, चार वेगवेगळे ढोल, आणि सगळ्यांतून एकच 'ढुम'. जणू कोणीतरी प्रत्येक गाण्याच्या मागे उभा राहून तोच एक पिंप बडवतोय. काही गाण्यांत कोन भलताच पुढे-मागे झोके खात होता आणि आवाज मात्र नव्हता. बाबांना घेऊन राजवाड्यापर्यंत एक चक्कर मारली, त्यांच्यासाठी तबल्याचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. त्यांनी नेहमीसारखी आपल्या बाजूची काच पूर्ण खाली घेतली (एसी त्यांना सोसत नाही, आणि गाडीत बसून वारा नको म्हणणारी माणसंही), थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "डग्गा घसरतच नाही रे याचा. मींड कुठाय?"

बरोबर होतं. डग्ग्यावर मनगट दाबत नेलं की सूर सरकतो. इथे तो सरकता सरकता एका जागी येऊन मोठ्यानं ओरडत होता आणि बाकीच्या ठिकाणी गप्प.

रविवारी खोकं बाहेर काढून अंगणात उताणं ठेवलं, वूफर वर. आणि या वेळी फोडणीच्या डब्यातून मोहरी आणली. कोनावर दहा-बारा दाणे टाकले. पोर्टच्या तोंडापाशी उदबत्ती लावली. मोबाइलवर टोन ३० हर्ट्झपासून. ३० ला दाणे उड्या मारून बाहेर. पुन्हा टाकले, ३६ लावला. माझ्या हिशेबानं इथे कोन थांबायला हवा होता. मोहरी लाह्यांसारखी तडतडत राहिली. ४० ला तेच. ४४ ला उड्या लहान झाल्या. ४६, ४७ ला दाणे नुसते जागच्या जागी कुडकुडत होते. ४८ ला थांबले. कोन जवळजवळ निश्चल, त्यावर काळे दाणे स्वस्थ बसलेले, आणि बाजूला उदबत्तीचा धूर चिंध्यांसारखा फाटत होता. सगळा आवाज पाइपातून येत होता. ४९ ला मोहरी पुन्हा हलायला लागली.

मी तिथेच पायरीवर बसून वहीचं मागचं पान काढलं. बाहेरून सत्तर तीस वीस. प्लाय १.८ सेंटिमीटर, दोन्ही बाजूंनी ३.६ गेले. आतून ६६.४ गुणिले २६.४ गुणिले १६.४. पावणेएकोणतीस लिटर. तेरा लिटर नुसत्या लाकडानं खाल्ले. लाकडाच्या जाडीला आपण जमेतच धरत नाही. वाड्याच्या भिंतीसारखं, घर मोठं दिसतं आणि आत खाट मावत नाही. त्यातून वूफरचा मॅग्नेट आणि सांगाडा दीड लिटर, ३६ सेंटिमीटरचा पाइप जवळजवळ साडेतीन लिटर. उरले २३.८. बेचाळीस लिटरसाठी कापलेला पाइप चोवीस लिटरला लावला तर सूर किती? गणित केलं: ४८.

वाईट तर वाटलंच, पण त्या क्षणी मला जो आनंद झाला तो बेस ऐकून झाला नव्हता. मोहरीच्या दाण्यांनी जे सांगितलं तेच कागदानं सांगितलं. थील आणि स्मॉल बरोबर होते, सुतार बरोबर होता, बाबा बरोबर होते. यादीत चूक असलेला एकच माणूस पायरीवर बसला होता.

आणखी एक गोष्ट उलगडली. पोर्टच्या सुराच्या खाली गेलं की हवा पाइपातून मोकळी आत-बाहेर करते, स्प्रिंग उरतच नाही, कोन अनाथ होतो. त्यासाठी अँप्लिफायरवर खालचे सूर कापणारा सबसॉनिक फिल्टर असतो. मी तो ३० वर ठेवला होता, सूर ३६ आहे अशा समजुतीत. म्हणजे ३० ते ४८ च्या मध्ये वूफर आठवडाभर विनाकारण हातपाय झाडत होता. बेस गिटारची सगळ्यांत खालची तार ४१ हर्ट्झला वाजते. नेमकी त्याच पट्ट्यात. जळला नाही ही त्याची कृपा.

भाच्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण मामा, मला तसंच आवडलं होतं." मी रागावणार होतो, पण त्याचं चूक नाही. अनंत चतुर्दशीला इथे मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात, त्यांच्याबरोबर डीजेचे ट्रक चालतात. आमच्याकडच्या पोरांना बेस म्हणजे तेच माहीत आहे, छातीवर बुक्की. त्या ट्रकांबद्दल एक गंमत सांगायची राहून जाईल. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे, पण ती मोजतात 'ए' वजनाच्या डेसिबलमध्ये, म्हणजे माणसाच्या कानाच्या कलानं. त्या मोजणीत ४० हर्ट्झचा आवाज सुमारे ३५ डेसिबलनं कमी धरला जातो. जो आवाज खिडकीची तावदानं वाजवतो, तो मीटरला कुजबुजल्यासारखा वाटतो. शेजाऱ्यांशी माझं भांडण झालं नाही ते मीटरमुळे नव्हे, खोकं मी दिवसाढवळ्याच वाजवत होतो म्हणून.

नवं खोकं करायचं तर डिकी अपुरी. आतून खरोखर बेचाळीस लिटर हवेत, वर वूफर आणि पाइपाची जागा, म्हणजे आतलं माप सत्तेचाळीसच्या आसपास, बाहेरून तर साठ-पासष्ट. मग सामान कुठे ठेवायचं, आणि बाबांची घडीची खुर्ची? मी पुन्हा लॅपटॉप उघडला. सहज म्हणून पोर्ट काढून टाकला, बंद खोकं निवडलं आणि त्यात माझं चुकलेलं खोकं भरलं: पावणेएकोणतीस वजा दीड, सव्वासत्तावीस लिटर. बंद खोक्यात व्हीएएसला खोक्यानं भागून, एक मिळवून, वर्गमूळ काढून क्यूटीएसनं गुणतात. ४० भागिले २७.२५, अधिक एक, वर्गमूळ १.५७. गुणिले ०.४५.

०.७०७.

ज्यांनी हा खेळ खेळला आहे त्यांना हा आकडा कुठेही ओळखू येईल. बंद खोकं जास्तीत जास्त खालपर्यंत सपाट वाजावं, कुठे उंचवटा येऊ नये, यासाठी पुस्तकात देतात तो आकडा हाच. मी ठरवून कधी इतका नेमका गेलो नसतो. खोकं चुकलं नव्हतं. त्याला भोक पाडणं चुकलं होतं.

पण आलेखाची रेघ ५० हर्ट्झपासून उतरायला लागत होती. भाच्यानं ती बघून तोंड वाकडं केलं. तेव्हा मला जे सांगता आलं ते एवढंच, की सॉफ्टवेअरला गाडी माहीत नाही. ते मोकळ्या मैदानाची रेघ काढतं. ४० हर्ट्झचा तरंग साडेआठ मीटर लांब. आमची गाडी चार मीटरच्या आतली, आणि काचेपासून डिकीच्या दारापर्यंतची पोकळी जेमतेम २.६ मीटर. अर्धा तरंगसुद्धा मावत नाही अशा सुरांना गाडीत तरंग व्हायला जागाच नसते. कोन पुढे आला की गाडीतली सगळी हवा एकदम दाबली जाते, मागे गेला की सुटते. गाडीच एक मोठं खोकं होते. आपण खोक्याच्या आत बसलेलो असतो. साधारण ६५ हर्ट्झच्या खाली हा आधार मिळायला लागतो आणि जितकं खाली जावं तितका वाढतो: कागदावर सूर निम्म्यावर आला की १२ डेसिबल. बंद खोक्याची रेघ त्याच चालीनं उतरते, सूर निम्म्यावर की १२ डेसिबल. एक उतरतं, एक चढतं. गाडीचा पत्रा लवतो, दारांच्या रबरातून हवा निसटते, म्हणून प्रत्यक्षात पूर्ण १२ कधी मिळत नाहीत. पण म्हाताऱ्यांचं खोकं गाडीत म्हातारं राहत नाही. पोर्टचं खोकं खाली २४ नं पडतं, त्याला गाडीचा आधार अर्धाच पुरतो.

सुताराकडे गेलो. पाइपाचं भोक बुजवायला प्लायची गोल चकती हवी होती. त्यानं भोक पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी स्वतःच म्हणालो, "अंदर का नाप देना था." तो हसला नाही, हे त्याचे उपकार. चकती कापली, कडेला फेव्हिकॉल भरला, आतून एक मोठी चकती आणि बाहेरून एक, मधे पातळ रबर, सहा स्क्रू. पैसे घेतले नाहीत. घरी आल्यावर पुन्हा उदबत्ती घेऊन सगळे सांधे तपासले. मोठ्या आवाजात धूर कुठे फडफडतो का ते. वायरच्या टर्मिनलपाशी फडफडला, तिथे सिलिकॉन. कोन तळव्यानं हलकेच दाबून सोडला तर तो झटकन न उसळता, गादीवरून कोणी उठावं तसा सावकाश वर आला. हवा कोंडली गेली होती.

बाबांना घेऊन पुन्हा निघालो. भाचा मागे, नाराज. तेच तबल्याचं रेकॉर्डिंग. बाबांनी बसल्या बसल्या काच खाली घेतली. बायपासला लागेपर्यंत मला काहीच वेगळं वाटलं नाही. 'ढुम' गेला होता हे खरं, पण त्याच्या जागी काही आलंय असंही नव्हतं. मागून भाचा म्हणाला, "बघ, म्हटलं होतं." मला त्याचं कारण माहीत होतं, काच उघडी होती; खोक्याला खिडकी पाडली की दाब कुठून राहणार? गाडीचा सगळा आधार बाबांच्या खिडकीतून रस्त्यावर सांडत होता. पण बाबांना काच वर घ्या म्हणायची माझी हिंमत नाही, आजही नाही.

सिग्नलला थांबलो. शेजारी एक ट्रक इंजिन चालू ठेवून उभा राहिला, धूर आत यायला लागला. बाबांनी वैतागून काच वर केली. डग्ग्यावर बोल चालू होता. मनगट दाबत दाबत सूर वर सरकवणारा आणि मग सोडून देणारा. तो खाली आला, आणखी खाली आला, आणि कुठेही न अडखळता सीटच्या पाठीतून अंगात शिरला. बाबांची बोटं गुडघ्यावर हलली.

सिग्नल सुटला, ट्रक मागे पडला. बाबांचा हात सवयीनं काचेच्या बटणाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"तुझ्या बाजूचीही घे वर," ते म्हणाले.

मी घेतली. नंबर प्लेट अजून खुळखुळते आहे, तिला फोमची पट्टी लावायची राहिलीय.